घुबडाचा डावा डोळा

बाबा, आज रविवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे झाली आहेत. माणिकपूरच्या आपल्या दुकानाचं शटर अर्धं ओढून मी खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण काचपेपरने घासता घासता हे लिहितो आहे. माझी मुलगी उद्या शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत घुबड होणार आहे आणि तिला पेटणारे डोळे हवे आहेत. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. ती सहा वर्षांची आहे. सकाळी आई म्हणाली, "घुबड कसलं घरात आणतोस? परी कर, पंख भाड्याने मिळतात." मुलगी म्हणाली, "आजी, वर्गात परी आठ जणी आहेत." मग आई जुन्या गोधडीतून पिसांसारखे तुकडे कापायला बसली.

टोपण घासून धुरकट केलं की आतल्या एलईडीचा उजेड टोचत नाही, पसरतो. दोन टोपणं, दोन एलईडी, घड्याळात असतो तसा एक गोल सेल आणि टॉर्चचं जुनं बटण. एवढं काम तुम्ही चहा निवायच्या आत केलं असतंत. मला दोन तास झाले, कारण डावा डोळा पेटतच नव्हता. वायरीच्या जोडाचं सोल्डर कच्चं राहिलं असेल म्हणून तीनदा काढून पुन्हा केलं. मुलगी स्टुलावर बसून पुठ्ठ्याचा मुखवटा तोंडासमोर धरून होती. "पप्पा, घुबड डोळा मारतंय," म्हणाली. मला हसूही आलं नाही. दमलो आहे. तुम्ही गेल्यावर अकरावी सोडून इथे बसलो, तेव्हापासून लोकांचे मिक्सर उघडतो आणि बंद करायच्या आधी प्रत्येक जोड तीनदा ओढून बघतो. गिऱ्हाइकं कंटाळतात. ही सवय मी तुमच्याकडून घेतली, आणि तुम्हाला ती कुठून लागली हे मला माहीत आहे.

आठवतं, बाबा? मी दुसरीत आहे. तुम्ही मला बिबट्या केलं आहे. याच टेबलावर टॉर्चचे दोन बल्ब मुखवट्यात बसवलेत, कमरेला पेन्सिल सेल, पाठीवरून वायर. दुकान बंद ठेवून तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. माझं नाव पुकारतात, मी स्टेजवर येतो आणि डोळे पेटत नाहीत. घरी गेल्यावर तुम्ही सुटलेली वायर बराच वेळ हातात धरून बसलात. "माझंच सोल्डर कच्चं राहिलं रे," म्हणालात. त्यानंतर साधा रेडिओ असला तरी तुम्ही जोड ओढून बघायला लागलात. कोणी घाई केली की म्हणायचात, "थांबा जरा, माझ्या हाताचा भरवसा नाही."

आज शेवटी एकेक एलईडी वेगळा लावून पाहिला. दोन्ही लागले. विझलेले असताना सारखेच दिसतात, पण मला एक पांढरा आणि एक पिवळा मिळाला होता. एकाच सेलवर जोडले की पिवळा तेवढा पेटतो, पांढऱ्याला जोर पुरत नाही. सोल्डर पहिल्यापासून पक्कं होतं. पांढऱ्याला वेगळा सेल दिला, दोन्ही सेलांवर घट्ट टेप गुंडाळली. एक डोळा पिवळा, एक पांढरा. मुलगी म्हणाली, "असंच राहू दे."

मी विचारलं, "उद्या कोणी हसलं तर?"

"हसू दे."

"नको वाटलं तर काढून टाक. पण मला खरं सांग."

"तुम्ही रागवाल?"

"नाही," म्हणालो. तुम्हीही रागावला नसतात, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. त्याला वीस वर्षं लागली.

एलईडी दहा रुपये, सेल चाळीस, काचपेपर पाच; एकूण पंचावन्न. टोपणं घरचीच. तुमचं देणं यात धरलेलं नाही. हा कागद टेबलाच्या खणात, तुमच्या सोल्डरच्या वायरीखाली ठेवतो, आणखी कुठे पाठवणार. त्या दिवशी पडद्यामागे मुलं मला "मांजर, मांजर" म्हणून चिडवत होती, बाबा. वायर मी ओढली. एका हाताने सुटेना. दोन्ही हात लावावे लागले.