तानाजीच्या गोळ्या

३ फेब्रु.
विश्रामबागला डॉक्टरांकडे. रक्तातला पीएसए ५.२. चारच्या वर गेला की प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका. पण सोनोग्राफीत प्रोस्टेट ६८ ग्रॅम. आकड्याला आकारानं भागायचं असतं म्हणे, .१५च्या आत आलं तर सहसा घोर नाही. माझं निम्म्यावर. सुईनं तुकडा काढायची घाई नको म्हणाले. जन्म गाद्या भरण्यात गेला, तेवढाच कापूस मोठ्या खोळीत सैल बसतो हे मला कोण सांगणार? बायकोनं, रेहानानं, आष्ट्यात उतरल्या उतरल्या पेढे घेतले.

५ फेब्रु.
दुकानात तानाजी. फौजेतून रिटायर, शाळेपासूनचा दोस्त. नेहमीसारखी गोळ्यांची पट्टी गल्ल्यावर ठेवली. लघवीच्या त्याच्या गोळ्या, ऑपरेशननंतर त्याला लागत नाहीत पण फौजेकडून फुकट मिळत राहतात, गेल्या रमजानपासून मी घेतो. धार सुधारली, हातपाय धुऊन केलेला वुजू नमाजापर्यंत टिकायला लागला. रिपोर्टचं सांगितलं तर म्हणाला, "माझ्या डॉक्टरनं आकडा दुप्पट धरला व्हता रं. ह्या गोळीनं निम्माच दिसतो."
डॉक्टरांनी विचारलं होतं, गोळ्या कुठल्या चालू? मी म्हणालो, बीपीची. तानाजीच्या गोळ्या औषधात धरायच्या असतात हे डोक्यातच आलं नाही.
१०.४ भागिले ६८. तीनदा केलं. .१५ च्या वरच.

६ फेब्रु.
रेहाना शेजारणीला सांगत होती, आता उमऱ्याच्या यात्रेला जाऊन येऊ. तिला अजून सांगितलेलं नाही. तानाजीचा राग येतो, आणि त्यानं तर जीव लावूनच दिल्या. दाभण चालवणारा माणूस सुईला भितो, हसावं का रडावं. भीती वाटते. लय वाटते.

७ फेब्रु.
सांगितलं. रेहाना कणीक मळता मळताच म्हणाली, "आवं, डॉक्टरला न्हाई सांगितलं तर आकडा बदलणार हाय का?"
उरलेले पेढे तसेच डब्यात.

९ फेब्रु.
परत विश्रामबाग. तानाजी ऐकेना, तोही आला. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच जास्त धास्ती वाटली. पेन थांबलं. "रमजानपासून रोज?" रोज. आधी एमआरआय, मग बहुतेक सुई. कॅन्सर आहे असं नाही, नाही असंही आता म्हणता येत नाही.
तानाजी बाहेर बाकावर.
"काय म्हणालं?"
"चल, चहा घेऊ."
टपरीवर सवयीनं त्याचा हात गोळ्यांच्या पट्टीसाठी खिशाकडे गेला. तसाच मागे घेतला.
एमआरआय गुरुवारी.