दौऱ्याआधीची डायरी

३ एप्रिल १९६१, पांढरकवडा

परवाचा दौरा आज लिहून टाकला! साहेब निघणार बुधवारी, परतणार शनिवारी. पण त्यांची दौरा-डायरी सोमवारीच तयार लागते, म्हणजे जीपमध्ये पाय ठेवता ठेवता सही होते. बावीस वर्षं मी हेच करतो. इंग्रज गेला, पद्धत ठेवून गेला. हेडक्लार्क असल्यानं पुढचं सगळं मला स्वच्छ दिसतं— गुरुवारी सकाळी दहा वाजता साहेब धावजी नाईकाच्या तांड्यावर असतील, विहिरीची जागा पाहतील, समाधान व्यक्त करतील.

प्रत्यक्षात असतील डाकबंगल्यावर. तिथून तांडा दीड मैल, मध्ये नाला. जीप जात नाही तिथे सरकार जात नाही.

एका विहिरीसाठी हा चौथा दौरा. चार दौऱ्यांचं पेट्रोल, भत्ते आणि कोंबड्या यांत ती विहीर बांधून वर रहाट बसला असता! मजकूर मागच्या दौऱ्यावरूनच उतरवला, तारखा तेवढ्या बदलल्या. महाराष्ट्र झाल्यापासून मराठीत लिहितो. इंग्रजीतलं खोटं निदान परक्याचं वाटायचं.

५ एप्रिल

निघाले. जीपमध्ये साहेब, बाईसाहेब, बाईसाहेबांचे बंधू, बंधूंची बंदूक आणि टायगर. टायगर म्हणजे कुत्रा. शिपाई देवीलालला जागा उरली नाही, तो मागून बसनं.

"बाबू, पुढच्या जन्मी मले टायगर कर म्हना देवाले," देवीलाल म्हणाला.

म्हटलं, अर्ज कर. शिफारस मी लिहितो.

६ एप्रिल

बरोबर दहाला धावजी नाईक टेबलासमोर उभा! नऊ मैल चालत आलेला. लाल पागोटं, पाय धुळीनं पांढरे.

"रामराम बाबू. साहेब कवा येऊन राह्यले तांड्यावर? कालपासून बायांनी आंगन सारवून ठेवलं."

दौऱ्याची नक्कल माझ्या हाताखालीच होती. त्यानं हनुवटीनं दाखवलं— "त्या कागदात काय हाय?" मला काय दुर्बुद्धी सुचली, वाचून दाखवलं. "सकाळी दहा वाजता तांड्यास भेट. नाईक धावजी यांच्याशी चर्चा."

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे.

"म्हंजे मी आता तांड्यावर हाओ?"

"कागदावर आहेस."

"मंग इथं कोन उभं हाय, बाबू?"

मी हसलो. तो हसला नाही.

"अन् इहिरीचं काय लिवलं?"

मी कागद पालथा घातला. म्हटलं, साहेब ठरवतील. तो टेबलाला धरून हळूच खाली बसला. "माही सून मानी पहाटेपासून झिऱ्यावर बसून राह्यते. नाल्याच्या वाळूत हातानं खड्डा कराचा अन् पानी झिरपाची वाट पाहाची. वाटीवाटीनं भराचं. पान्याची एक गुंडी भराले दोन घंटे. लेकरू पाठीवर. साहेबाले म्हना, कायले चर्चा करता, एकडाव तिच्या बाजूले येऊन बसा."

७ एप्रिल

प्रभावतीला सगळं रंगवून सांगितलं. टायगरपर्यंत हसली. मग भाकरी उलथता उलथता म्हणाली, "साहेबाच्या खोट्याले हसता, अन् लिवते कोन?"

लग्नाला चोवीस वर्षं झाली, अजून हिला ऑफिस समजत नाही!

१७ एप्रिल

पाचवा दौरा निघाला. धावजीचे पाय डोळ्यांसमोरून हलत नव्हते. मागच्यावरून उतरवायला घेतलं, टाक थांबला. मग नवा कागद घेतला आणि लिहिलं—

"तांड्यास गेलो नाही. विहिरीची जागा पाचव्यांदा पाहिली नाही. जीप नाल्यापाशी थांबते आणि मी जीपपाशी थांबतो. तितर तीन, कोंबड्या सात. शिपायाऐवजी कुत्रा नेला. तांड्यावरच्या बायका वाळू उकरून वाटीने पाणी भरतात. विहीर ताबडतोब हवी."

तितरांचा आकडा अंदाजानं टाकला. आगाऊ लिहायचं म्हणजे तेवढं चालायचंच.

साहेब जीपच्या पायरीवर. "कुठे?" "इथे, साहेब." झाली सही! टायगरनं मात्र कागद नीट हुंगला. त्या जीपमधला वाचक तेवढा एकच.

१८ एप्रिल

सही झालेली डायरी नागपूरच्या कचेरीला टपालात टाकली.

२ मे

नागपूरहून खरमरीत पत्र आलं. साहेबांचा चेहरा लालबुंद. "उकंडाबाबू, हे अक्षर कोणाचं?"

"अक्षर माझं, सही आपली. आधीच्या चारही तशाच आहेत, साहेब."

"तुमचं पेन्शन खाऊन टाकीन मी!"

"खा. मुक्कामाच्या भत्त्यात धरू."

बाहेर देवीलाल दाराला कान लावून होता. आज त्यानं मला न सांगता चहा आणला, आणि तोही साहेबांच्या कपात!

८ मे

दौऱ्यांवरच्या उधळपट्टीची चौकशी करायला नागपूरहून मोठे साहेब आले. दोन जीपा, चार दिवसांचा मुक्काम! खानसाम्यानं डाकबंगल्यामागच्या कोंबड्यांकडे फार मायेनं पाहिलं म्हणे.

संध्याकाळी मला बोलावलं. खुर्ची दिली. "सुरेख अक्षर आहे हो तुमचं. माझी दौऱ्याची डायरी तेवढी आजच करून ठेवा. म्हणजे जाताना घाई नको."

म्हटलं, "करतो की. आधी तांड्यावर चला. पायी."

त्यांनी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. "बघू," म्हणाले.

९ मे

चौकशी झाली. मी छाती काढून गेलो होतो. पाचही डायऱ्यांच्या नकला बगलेत. एकेक दौरा सोलणार होतो.

मोठ्या साहेबांनी चष्मा पुसला. "पण ही विहीर गेल्या जूनमध्येच नागपूरला नामंजूर झाली, उकंडाबाबू. फाईल बंद आहे."

"मग जागा पाहायला दौरे कसले?"

"दौरे चालूच असतात."

म्हटलं, नामंजूर कशावरून? त्यांनी फाईल फिरवून माझ्यापुढे सरकवली. पहिल्या दौऱ्याची डायरी, मे १९६०. "नाल्याचे पाणी मुबलक व मधुर असून नूतन विहिरीचे प्रयोजन दिसत नाही."

साहेबांनी हे सांगितलं नव्हतं. त्यांना 'मधुर' शब्द येत नाही. ते इतकंच म्हणाले होते, "आता मराठीत आहे, काहीतरी चांगलं लिहा." आणि मी चांगलं लिहिलं! ऑफिसातली ती पहिली मराठी डायरी. घरी येऊन प्रभावतीला दोनदा वाचून दाखवली होती— मुबलक व मधुर. पुढच्या तीन मी त्याच वाक्यावरून उतरवल्या.

माझ्या आईनं गावाच्या विहिरीच्या कट्ट्याखाली घागर ठेवून, वरून कोणी ओतील म्हणून जन्मभर वाट पाहिली. मी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. आणि न पाहिलेल्या पाण्याची चव मी लिहिली.

म्हटलं, "जबाब लिहून घ्या. साहेब तांड्यावर गेले नाहीत, हे खरं. पण ते वाक्य माझं आहे. तेही खोटं. त्यावर बंद केलेली फाईल उघडा."

मोठे साहेब म्हणाले, "हे लिहिलंत तर नोकरी जाईल."

"जाऊ द्या. तिला जायला जीप लागणार नाही."

सही केली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच, सगळं वाचून.

१० मे

सकाळी नाला ओलांडून तांड्यावर गेलो. पायी. मोठे साहेब आले नाहीत. डायरीत आले असतील. मानीबाई झिऱ्यावर होती. तिच्या बाजूला बसलो. बऱ्याच वेळानं वाटी भरली, ती तिनं आधी मला दिली.

पाणी मचूळ आहे.