काढता येणारे दात

४ जानेवारी

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

परवा फोनवर तुझं बोलणं मला निम्मंच कळलं. वरचे पुढचे चार दात गेले, तर दोरा आता कात्रीने कापतो, काही अडत नाही, असं वर तूच मला सांगतोस. शिंप्याचं अडत नसेल, तोंडाचं अडतं. शेजारचे दात मोकळ्या जागेत कलंडतात, समोरचे लांबतात, जबड्याचं हाड झिजतं. मी माझ्या दंतवैद्यांना विचारून घेतलं आहे. हाडात स्क्रू बसवून पक्के दात करता येतात, नाहीतर बाजूचे दात कानसून त्यांवर ब्रिज. राहता राहिली कवळी, तिची रोज काढघाल. तू पक्के दात कर. साठीला आलास, आता कान धरून न्यायला लावू नकोस.

आईला माझा नमस्कार सांग. कोण ताई, असं विचारेल. तरी सांग.

कळावे, लोभ आहेच, आधी दात.
तुझी ताई

१९ जानेवारी

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कान आपोआप लाल झाले. पण इथे एक वेगळंच झालं आहे. वर्षभर आई मला शिंपीदादा म्हणत होती. मापं घ्यायला आलोय असं वाटायचं तिला. भरवायला बसलो की ओठ घट्ट. परक्याच्या हातचं कशी खाईल ती? दात गेल्यावर एकदा तिच्यासमोर हसलो, तर हनुवटी धरून म्हणाली, बोळक्या, होतास कुठे इतके दिवस? दुधाचे दात पडले तेव्हाचं माझं नाव, आठवतं ना? तेव्हापासून बोळक्याच्या हातून वाटीभर कुस्करलेला बटाटा खाते. आता दात कसे बसवू, तूच सांग.

राग असू दे, तोही लोभच.
बाळ

२ फेब्रुवारी

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

भाबडेपणा पुरे. गेल्या खेपेला आईने मला नर्सबाई समजून पाणी मागितलं. मी दिलं आणि भांडं विसळून ठेवलं. कुणी गळा काढला नाही. तुझा आवाज आहे, हात आहेत, सवयीने ओळखेल. तू हिरड्यांनी किती दिवस चावणार? तुझी तब्येत बिघडली तर तिचं कोण करील?

उत्तर नको, दात बसल्याचं कळव.
ताई

२६ फेब्रुवारी

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं अर्धं ऐकलं. कवळी केली. दुकानात सगळ्यांनी वाखाणली, माझा स पुन्हा स झाला. घरी आईपुढे बसलो. तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि म्हणाली, शिंपीदादा, मुलगा घरात नाही, नंतर या. स्वयंपाकघरात गेलो, कवळी पाण्यात ठेवली, परत आलो. तर हळूच सांगते, बरं झालं आलास, मघाशी कुणीतरी माणूस आला होता.

पक्के दात काढता येत नाहीत, ताई. म्हणून कवळी.

रागावलीस तरी पत्र पाठव.
बाळ

११ जून

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आई गेल्याचं फोनवर सांगितलं, बाकीचं लिहितो. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तुला येता आलं नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. शेवटच्या सकाळी तिने दोन चमचे खाल्ले. मग माझ्या हिरडीवरून बोट फिरवून म्हणाली, रडू नकोस रे, नवे येतील.

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, हाड अजून पुरेसं आहे, पक्के बसवू. जुलैची तारीख दिली आहे. मी आता घरातही कवळी घालूनच बसतो. काढायची कुणासाठी?

तुझाच,
बाळ

२० जून

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

जुलैची तारीख चुकवायची नाही. मी काठी घेऊन चालते आहे, येत्या रविवारी येते. स्टेशनवर येऊ नकोस, रिक्षा मला करता येते. जेवण साधं ठेव. आईचं कपाट आपण दोघांनी मिळून आवरायचं. एकट्याने हात लावू नकोस.

आणखी एक. मी दारात येईन तेव्हा कवळी पाण्यात ठेवलेली असू दे. आईने मला ओळखलं नाही, त्याला इलाज नव्हता. पण तिने ज्याला शेवटपर्यंत ओळखलं, त्याला मला एकदा पाहायचं आहे.

नवे मग येऊ देत.
ताई