बॉबिनच्या डब्यातल्या गोळ्या

माझ्या तापट आईला थोरलीचा नमस्कार.

मी बरी आहे. बाबांचा खोकला थांबला का?

काल डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळाला पोसणाऱ्या वारेकडे रक्त कमी जातंय, बाळाची वाढ मंदावलीय म्हणाल्या. "कॅल्शियम घेतेस ना?" मी मान डोलावली.

आई, मी खोटं बोलले. ती गोळी तांब्याभर पाण्याशिवाय उतरत नाही, आणि पाणी प्यायलं की कारखान्यात शिलाईचं मशीन सोडून सारखं उठावं लागतं. सुपरवायझर डोळे वटारतो. म्हणून दुपारची गोळी बॉबिनच्या डब्यात टाकत गेले. आज त्याचं झाकण लागेना.

त्यामुळेच झालं का, कोण जाणे. उद्या जाऊन बाईंना खरं सांगणार आहे.

हे लिहिताना बाळानं लाथ मारली. तुझ्यासारखंच चिडलंय. चिडू दे गं. रोज चिडू दे.

तुझी,
खोटारडी लेक