सत्यभामाबाईची पिशवी

तनवीरसेठ,

हे पत्र मी तुम्हाले देणार नाही, मले नोकरी पाहिजे.

कापसाचा भाव पडला, आता दुकानात चोऱ्या वाढतील, येकेकीची पिशवी पाहत जा, असं तुम्हीच मले सांगतलं. म्हणून मी गिऱ्हाईक म्हणून आलेल्या सत्यभामाबाईचा हात धरला. पिशवीत निळं कापड निघालं. ब्लाऊजचं मॅचिंग पाहाले घरून आणलेला साडीचा तुकडा होता तो. सगळ्याच बायका आणतात. दहा वर्षं काउंटरवर उभी राहून मी तेच विसरली.

बाई रडाले लागली, तसे तुम्ही साफ पलटले. चारचौघात म्हणाले, "रशीदाले कोणी सांगतलं होतं? तिचं काम फक्त कापड मोजाचं."

आज एकीनं खरंच ब्लाऊजपीस पदराखाली घातला, माह्या डोळ्यासमोर. मी मान खाली घालून मोजत राह्यली.

फक्त कापड मोजणारी,
रशीदा