टायरखालची चिठ्ठी

४ नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे शटर अर्धं वर केलं, दिवा लावला, हात जोडले आणि घाटराजांची सायकल स्टँडवर चढवली. होय, तीच. एकेचाळीस वर्षांपूर्वी ज्या सायकलवर ते देशाची शर्यत जिंकले, ती. सायकल महासंघ जुन्या शर्यतपटूंचं दालन उघडतो आहे. त्यात ठेवण्याआधी ती साफसूफ करायला माझ्याकडे आली. शहरात एवढी मोठी दुकानं असताना माझ्या आठ फुटी खोलीत कशी, हे मला कळलं नव्हतं.

मागचं चाक झालं. पुढचं हातात घेतलं आणि थांबलो. स्पोक जिथे एकमेकांना ओलांडतात, तिथे तांब्याच्या बारीक तारेने बांधलेले, गाठ आतल्या बाजूला. अशी गाठ मारणारी दोनच माणसं मला ठाऊक आहेत, आणि त्यातला एक मी. मग रिमला डिंकाने चिकटवलेलं टायर सोडवलं. खाली डिंकात रुतलेली पिवळी चिठ्ठी निघाली. तुमचं अक्षर, शर्यतीच्या आठवड्यातली तारीख, आणि खाली ‘देवा, हे चाक सरळ चालव.’ चाक बांधून झालं की टायरखाली चिठ्ठी ठेवायची, हे तुम्हीच मला शिकवलंत. मी अजून ठेवतो.

दालनात लावायची यादी सोबत आली आहे. घाटराजांपुढे ‘विजेता’ आणि तुमच्यापुढे ‘घाटात शर्यत सोडली’. मग तुमचं चाक त्यांच्या सायकलला कसं?

मामा, विशीत मी कारखान्याची शिकाऊ नोकरी सोडून आलो, तेव्हा तुम्ही समजवायला आला होतात. शर्यत अर्ध्यात सोडणाऱ्याने मला शिकवू नये, असं मी तोंडावर म्हणालो होतो. तुम्ही माझ्या सायकलचा आऊट काढून, चाक सरळ करून निघून गेलात. ते बोलणं अजून सलतं. खरं काय ते कळवावं.

मामींना नमस्कार. रागावलात तरी चालेल, पत्र मात्र पाठवा.

तुमचा,
भाचा


११ नोव्हेंबर

चि. भाचेबुवांस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पावलं. तुला चाक साफ करायला दिलं होतं, इतिहास नव्हे.

विचारलंस म्हणून एकदाच सांगतो. शेवटच्या दिवशी घाटाच्या उतारावर त्याचं पुढचं चाक दगडावर आदळलं आणि असं वाकलं की फिरेना. मी मागेच होतो. त्याच्या पायांत जीव होता, माझ्या नव्हता. एवढं साधं गणित. माझं चाक काढून त्याला लावलं. वळणावर बघणारं कुणी नव्हतं. दुसऱ्याचं चाक घेणारा बाद, असा तेव्हा नियम होता. म्हणून कधी तोंड उघडायचं नाही, अशी त्याला शपथ घातली. खरं म्हणजे ढकलूनच दिलं उतारावर, नाहीतर रडतच बसला असता. मग माझी सायकल आणि त्याचं वाकडं चाक खांद्याला अडकवून मी चालत खाली आलो.

तुझे आजोबा पुढे दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. पोरगा दमून परत आला, हे त्यांना सोसलं नाही. ते गेले, तुझी आई गेली. आता सांगायचं कुणाला? उगाच त्या म्हाताऱ्याचं विजेतेपद जाईल. चिठ्ठी होती तिथे ठेव, टायर चिकटव आणि झाकली मूठ झाकलेली राहू दे.

तुझ्या त्या बोलण्याचं म्हणशील, तर मी ते चाक सरळ केलं तेव्हाच विसरलो.

तब्येतीला जप. माया आहे, ती पत्रात मावायची नाही.

मामा

ता. क. मी मामी. परसात माझ्या घेवड्याचा वेल ज्या वाकड्या चाकावर चढलाय, ते भंगारात मिळालं, असं मला लग्नानंतर सांगितलं होतं. अडतीस वर्षं मी त्यावर शेंगा तोडतेय. हे पत्र यांनी लिहिताना खांद्यावरून वाचलं, पेटीत पडू दिलं नाही आणि दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी यांना चष्मा सापडेना, मग बोलावंच लागलं.


२० नोव्हेंबर

ती. मामा व सौ. मामींस,
सा. न.

तुमचं ऐकून टायर चिकटवायला घेतलं होतं. हात होईना. शेवटी घाटराजांच्या घरी गेलो. मुलीकडे राहतात, तिसऱ्या मजल्यावर. गुडघे गेलेत. जिना उतरायचा म्हणजे कुरकुर, आणि एके काळी घाट उतरायचे.

मी चिठ्ठी पुढे ठेवली. त्यांनी वाचली नाही, नुसता अंगठा फिरवला. मग म्हणाले की, फार वेळ लावलास. सुट्या भागांच्या दुकानदाराकडून त्यांना कळलं होतं, की एक जण अजून तांब्याच्या तारेने स्पोक बांधतो. म्हणून सायकल देताना महासंघाला अट घातली, की काम त्याच दुकानात व्हावं. मामा, एकेचाळीस वर्षांत त्यांनी ते टायर एकदाही बदललं नाही. मुलगी सायकल विकायला निघाली, तर जेवण सोडून बसले. म्हणाले की शपथ तोंड न उघडायची होती, टायर न उघडायची नव्हती.

विजेतेपद गेलं तर जाऊ दे, जिंकलेल्या कपात घरची मंडळी कधीपासून चमचे ठेवतात, असंही म्हणाले. पण ते जाणार नाही. मी महासंघाच्या सचिवांना विचारून आलो. तो नियम केव्हाच रद्द झाला आणि इतका जुना निकाल आता कुणी उघडत नाही. यादीतली नोंद मात्र बदलता येते. घाटराजा शपथेमुळे सही करणार नाहीत. तुमची किंवा चाक ओळखणाऱ्या कारागिराची सही चालेल.

म्हणजे माझी. तुम्ही नको म्हणालात. घाटराजांकडे जाऊन एकदा तुमचा शब्द मोडला, तो पुरे आहे. रोज सकाळी दिव्यापुढे उभा राहतो, पण देव यात काही बोलत नाही. पंधरा डिसेंबरला दालन उघडतंय. तुम्हीच सांगा.

तुमच्या शब्दाची वाट पाहणारा,
भाचा


२८ नोव्हेंबर

चि. भाच्यास,
आशीर्वाद.

त्याचे गुडघे फार दुखतात का? उतारावर पॅडल थांबवत नसे, किती ओरडायचो. तिळाचं तेल कोमट करून लाव म्हणावं.

टायर बदललं नाही म्हणतोस. डिंक वाळून कधीच सुटला असेल. त्यावर बसला असता तर तोंडावर आपटला असता. मूर्ख माणूस. इतकी वर्षं मला वाटत होतं, तो विसरला म्हणून गप्प आहे. त्याला काय वाटलं असेल देव जाणे.

सहीचं मी काही सांगणार नाही. होही नाही, नाहीही नाही. कारागिराने आपल्या हाताखालचं चाक ओळखावं, एवढं मी शिकवलं होतं. पुढचं तुझं तू बघ.

मामा

ता. क. घेवडा संपला. वेल उपटून चाक गोणपाटात बांधून एसटीने पाठवते आहे. यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. फक्त माझी गाठ सैल होती, ती सोडून घट्ट बांधली. — मामी


६ डिसेंबर

ती. मामा व सौ. मामींस,
सा. न.

चाक पोचलं. दोन स्पोकना वाळकी वेलकाडी अजून गुंडाळलेली आहे. सवयीने आऊट काढायला चावी हातात घेतली, मग ठेवून दिली. आयुष्यात पहिल्यांदा मी वाकडं चाक वाकडंच ठेवलं. दालनात ते सायकलच्या शेजारी टांगतील, वेलकाडीसकट.

चिठ्ठीची नक्कल करून महासंघाला दिली. मूळ चिठ्ठी होती तिथेच ठेवली आणि टायर नव्या डिंकाने पक्कं चिकटवलं. तुमच्या चिठ्ठीशेजारी माझीही एक आहे. त्यात काय लिहिलं ते सांगत नाही.

घाटराजांना तुमचा तेलाचा निरोप दिला. त्यांनी मुलीला तेल कोमट करायला सांगितलं. तुम्ही येणार नसाल तर तेही जिना उतरणार नाहीत, असा निरोप आहे. चौदा तारखेला दुकान बंद ठेवून तुम्हा दोघांना न्यायला येतो. मामींनी तुमचा चष्मा आधीच पिशवीत टाकावा.

काल सकाळी दिवा लावला, हात जोडले. यादीत तुमच्या नावापुढची ओळ खोडून तिथे ‘घाटात चाक दिलं’ असं लिहिलं, आणि खाली सही केली.

तुमचा,
भाचा