कुंकू लावून बोलावलेली

१२ जानेवारी
म्हैसूरला पोचले. लेकाच्या, उदयच्या गाडीत पाठ मोडली, पण गाव बघून बरं वाटलं. रस्ते रुंद, झाडं मोठी, माणसं हळू बोलणारी. नजरबादात त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. गॅलरीत ऊन भरपूर, पापड वाळतील. सून मृदुला घरात बसूनच नोकरी करते. खोलीत एकटीच इंग्रजीत भांडत होती म्हणून घाबरले, तर ती मीटिंग निघाली. नात देवश्री सहा वर्षांची. कन्नड फाडफाड, इंग्रजी फाडफाड, मराठी म्हणाल तर बोंब. मला विचारते, "आजी, तू कधी आला?" म्हटलं, आला तो तुझा आजोबा, आणि तो आता यायचा नाही; मी आले. राहीन तोवर हिचं मराठी सुधारून टाकते. ही वहीही तिचीच, वर मांजराचं चित्र आहे. चौथीपर्यंतचं अक्षर अजून चालतंय.

१४ जानेवारी
संक्रांत. सगळ्यांनी मला शहराबाहेरच्या, जुनं खेडं मांडलेल्या म्युझियममध्ये नेलं. जन्मभर ज्या घरातून बाहेर पडायला धडपडले, तसलंच घर तिकीट काढून बघितलं. सारवलेली जमीन, उखळ, सूप, कोंबड्यांचा डालगा, आणि प्रत्येकापुढे पाटी. सणाची गर्दी, झुली घातलेले बैल, दारातच हातावर तीळ-गूळ-खोबऱ्याची पुडी. शेजारच्या वेदवतीबाई सोबत होत्या. त्यांचं माहेर अग्रहारातलं, म्हणजे इथल्या जुन्या ब्राह्मणआळीतलं, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. मराठी आपलीच, पण अर्धी कन्नडात भिजवलेली.

एका स्वयंपाकघरात जात्यावर मातीची बाई बसवली होती. हिरवं लुगडं, मान खाली, हात खुंट्यावर. देवूनं दारातल्या ताटातलं कुंकू बोटावर आणलं होतं, ते तिच्या कपाळाला लावलं. पुडी मांडीवर ठेवली आणि बाय बाय करायला लागली. मी दटावलं, बाय काय, मराठीत निरोप घे, येते म्हण. तर ही हात जोडून म्हणते, "ये हं. आमच्या घरी ये." मी आणि मृदुला पोट धरून हसलो. वेदवतीबाई हसल्या नाहीत. "अय्यो, हे काय हो, आजी! सणाच्या दिवशी कुंकू लावून बा, म्हणजे ये, म्हटलं की आवतणच झालं की ते." म्हटलं, मातीची आहे हो. चालत यायला तिला पाय तरी कुठे केलेत?

१६ जानेवारी
ओट्याखाली पीठ सांडलेलं. तांबूस, नाचणीचं. या घरात पीठ पिशवीतून येतं, तेही गव्हाचं. मृदुलानं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दुपारी घरघर ऐकू आली. वरच्यांचा मिक्सर, म्हणाली ती. मिक्सर किंचाळतो. हा आवाज जड दगडाचा, सावकाश, मधे मूठ घालायला थांबणारा. मला कुणी शिकवू नये.

देवू म्हणाली, बाई आली. कुठली बाई, विचारलं, तर गॅसच्या टाकीकडे बोट दाखवलं. तिथे कुणी नव्हतं.

१७ जानेवारी
देवूच्या तळहाताला फोड आलेत. मृदुला म्हणते शाळेतला झोका. झोक्यानं दोन्ही हातांना येतात. हे एकाच हाताला, अंगठ्याच्या मुळाशी, जात्याचा खुंटा टोचतो तिथेच. लग्न झाल्यावर मला आले होते.

जेवताना ती कन्नडात पुटपुटत होती. वेदवतीबाईंना बोलावलं. त्यांनी ऐकलं आणि हातातली वाटी खाली ठेवली. पोर म्हणत होती, "इन्नू बीसोदिदे." अजून दळायचं राहिलंय. आणि हे शाळेतलं कन्नड नाही, म्हणाल्या, खेड्यातल्या जुन्या बायकांचं आहे.

१९ जानेवारी
वेदवतीबाईंना घेऊन पुन्हा म्युझियममध्ये गेले. मृदुला म्हणत होती, आई, हे तुमच्या डोक्यातलं आहे. म्हटलं, डोकं माझं असेल, फोड तुझ्या पोरीच्या हाताला आहेत.

बाईचा हात आता खुंट्यावर नाही. मान वर, तोंड दाराकडे. राखणदार हयग्रीव म्हणतो, पहिल्यापासून तशीच आहे. घर कुठलं, विचारलं. धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावातलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं तेव्हा घराचे दगड आणि हे जातं काढून आणलं. गाव उठलं त्या दिवशी घरच्यांनी गुरं नेली, भांडी नेली. थोरली सून दळत बसली होती, तिला चल असं कुणी म्हटलं नाही. ती तिथेच राहिली.

म्हणजे तिला ये म्हणणारी पहिली आमचीच पोर.

वेदवतीबाई म्हणाल्या, बोलावलेल्या सवाष्णीची ओटी भरा आणि निरोप द्या. निघताना ती येते म्हणेल, सगळ्याच म्हणतात. तुम्ही या म्हणू नका. सरळ जा म्हणा. वेदवतीबाईंच्या स्वतःच्या तोंडून असलं वाईट कधी निघायचं नाही. माझ्या तोंडाला सवय आहे.

२१ जानेवारी
सकाळीच ओट्याजवळ त्या बाईसाठी रिकामा पाट मांडला. तांदूळ, नारळ, खण. माझं कपाळ रिकामं, म्हणून ओटी मृदुलानं भरायची. तिनं कुरकुरतच ओंजळ भरली. घरघर थांबली. मी हात जोडून डोळे मिटले होते. ओटीत नारळ पडल्याचा आवाज आला. मग मृदुलाची किंकाळी, पण माझे शब्द तोंडातून गेले होते. जा. परत येऊ नको.

डोळे उघडते तर पाटावर देवू — फ्रॉकची ओटी पसरून —

माझं जा पोरीलाच लागलं. ती उठली. दाराशी जाऊन चपला घालायला लागली.

२२ जानेवारी
दाराला कुलूप. देवू चपला घालून दाराशी बसलेली. खात नाही. हाक मारली तर वळत नाही. हात ओल्या मातीसारखा. उदयनं डॉक्टर आणला, तो म्हणतो ताप नाही. ताप कुठला — गार पडत चाललीय पोर —

ओट्याखाली घरघर. आता मूठ घालायलाही थांबत नाही. बाई रिकामं जातं ओढतेय.

२३ जानेवारी
हाकलायचं नव्हतं तिला. जाणार कुठे, गाव पाण्यात. दळण उरलंय आणि समोर दुसरी बाई नाही, एवढंच. पोरीच्या हातात जोर तो किती —

ओट्याखाली बसले. म्हटलं, सोड तिला. मी मुरलेली आहे, माझा हात घे —

घेतला.

दाराशी देवूनं चपला भिरकावल्या. भोकाड पसरलंय. रड बाई, रड —

उजवा हात थांबत नाही. गोल, गोल. डाव्यानं लिहितेय —

मृदुला, तिला दूध दे. आणि उदयला अडव, मला ओढून काढायला बघतोय — उठवू नका मला — मी उठले तर ती परत पोरीचा